बिकॉज कुठं बसतं

"म्हणजे श्रीरामेताई, तुम्ही सावलीत जाऊन बसलात, म्हणून सूर्य उगवला?"

निमगडे मॅडम हे इतक्या गंभीरपणे म्हणाल्या की मला आधी कळलंच नाही. मग मागच्या बाकावरची कुंदा फिसकन हसली आणि तिच्यापाठोपाठ सगळा वर्ग. मोहबोडीच्या शाळेतली ती पहिलीची खोली. पोरांचे बुटके बाक, आणि त्यांत गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या आम्ही मोठाल्या बाया. वर पंखा होता, पण वीज गेलेली.

मी वाक्य केलं होतं, "देअर इज सन बिकॉज आय सिट इन शेड."

"बरोबर त आहे," मी म्हटलं. "ऊन आहे म्हून मी सावलीत बसते."

"तिथंच तर गडबड आहे ताई. म्हून म्हणजे बिकॉज नाही. म्हून म्हणजे सो. बिकॉज आलं की कारण त्याच्या मागून येतं. सो आलं की समजायचं, कारण आधीच येऊन गेलं."

मॅडम चंद्रपूरच्या, नुकत्याच कॉलेजातून निघालेल्या, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. त्यांनी फळ्यावर एक पाहुणा काढला आणि एक भात. "पाहुणा आला, सो भात टाकला. भात टाकला, बिकॉज पाहुणा आला. आता तुमच्या पद्धतीनं म्हणा."

"पाहुणा आला बिकॉज भात टाकला," मी म्हटलं.

"मग तुमच्याकडं रोजच पाहुणे येत असतील," मॅडम म्हणाल्या, आणि यावेळी मीही हसले.

त्या वर्षी जंगल खात्यानं ठरवलं होतं की आमच्या जंगलाच्या गेटवर बायाही गाइड म्हणून घ्यायच्या. तोवर उघड्या जिप्सीत पुढं बसून पाहुण्यांना जंगल दाखवायचं काम पुरुषांचं. बायांनी मोहफुलं वेचायची, तेंदूपत्ता तोडायचा, रिसॉर्टमध्ये भांडी घासायची. होळी झाल्यावर वर्ग सुरू झाला. उन्हाळ्याच्या शेवटी परीक्षा. ती कागदावर नाही, जंगलात. गाडीत एक परीक्षक पाहुणा होऊन बसणार, इंग्रजीतून प्रश्न विचारणार आणि आम्ही इंग्रजीतून उत्तर द्यायचं.

आणि जंगलातला पाहुणा विचारून विचारून काय विचारतो, तर काऊन, म्हणजे का. वानर काऊन ओरडलं, सांबर पाण्याशी येऊन परत काऊन फिरलं, त्या झाडाची साल काऊन सोललेली आहे. म्हणजे बिकॉज आल्याशिवाय गाइडचं पोट भरत नाही. माझं बिकॉज तर सारखं म्हूनच्या पाटावर जाऊन बसायचं. मी तोंड उघडलं की जग उलटं फिरायला लागायचं. माझ्या इंग्रजीत वानर ओरडायचं म्हणून वाघ यायचा, आणि तळं आटायचं म्हणून उन्हाळा लागायचा.

घरी दुसरीच गोष्ट चालली होती.

माझा नवरा, देवाजी, त्याच गेटवर जिप्सी चालवायचे. गाडीत गप्प आणि घरी बडबडे, असा त्यांचा स्वभाव. आले की पाय धुता धुता सुरू व्हायचे. कुठला पाहुणा घोरला, कुणाची टोपी उडून नाल्यात पडली, वाघिणीनं पोरांना कुठं लपवलं. सासूबाई म्हणायच्या, "याले जेवाले वाढ, तवाच तोंड बंद होईन." पण जेवतानाही ते बंद व्हायचं नाही.

पूर्वी एकदा ते स्वतः गाइडच्या परीक्षेला बसले होते. जंगल त्यांना कुणी शिकवायला नको होतं, पण साहेबांनी इंग्रजीत जे जे विचारलं त्याला त्यांनी "येस सर" एवढंच उत्तर दिलं. नाव काय, येस सर. किती प्रकारची हरणं आहेत, येस सर. गेटवरच्या लोकांनी कितीतरी दिवस त्यांना येस सर म्हणूनच हाक मारली. त्यानंतर त्यांनी गाडीचं स्टिअरिंग धरलं ते धरलंच.

मी वर्गाला जाईन म्हटलं तेव्हा ते "जा" म्हणाले. बस, एवढंच. आणि वर्ग सुरू झाल्यापासून त्यांची घरातली बडबड बंद झाली.

मी पहाटे उठून चूल पेटवायची आणि पाठ म्हणायला लागायची. भांडी घासताना, पाणी भरताना, तांदूळ निवडताना तोंड चालूच. ते अंगणात येऊन बसायचे, बांबूच्या कांबी सोलत. एक शब्द बोलायचे नाहीत. मी चहा दिला तर पेला घ्यायचे आणि खाली मान घालून पुन्हा कांबी सोलायला लागायचे. संध्याकाळी आले की तेच. बांबूचा ढीग वाढत होता आणि टोपली मात्र एकही होत नव्हती.

"राग आला त्याले," सासूबाई हळूच म्हणाल्या. "लोक काय म्हणतीन? बायको गाइड आन नवरा डायवर. तू मोठी होऊन ऱ्हायली ना."

"त्याइनंच त जा म्हटलं."

"जा म्हणनं येगळं, अन् गेलेली पाहनं येगळं."

मला ते पटलं. पटलं म्हणून रागही आला. मी काही दिवस गोड बोलून पाहिलं. मग म्हटलं, बसा गप्प. पण राग गिळून ठेवणं माझ्या रक्तात नाही. निमगडे मॅडमनी सांगितलं होतं की घरातल्या माणसांवर रोज वाक्यं करा, म्हणजे बिकॉज आणि सो आपापल्या जागी बसतील. मला तर परवानाच मिळाला.

"माय हसबंड इज अँग्री सो ही इज नॉट टॉकिंग," मी चुलीपाशी बसून खणखणीत आवाजात म्हणायची. "माय हसबंड इज अ बफेलो बिकॉज ही सिट्स इन वन प्लेस." मराठीत मी त्यांना अहोशिवाय कधी बोलले नाही. इंग्रजीत मात्र मनाला येईल ते. सासूबाई आतून म्हणायच्या, "केवढं शिकून ऱ्हायलं लेकरू." आणि देवाजी अंगणात कांबी सोलत बसायचे.

एकदा रागाच्या भरात मी म्हटलं, "माय हसबंड फेल्ड, सो ही इज जेलस." म्हटल्यावर जिभेला चटका बसल्यासारखं झालं. पण त्यांनी मान वर केली नाही. त्यांना काय कळणार, म्हणून मी पुढच्या वाक्याकडे वळले. एक मात्र खरं, त्या वाक्यात सो अगदी जागेवर बसलं होतं.

परीक्षेच्या दिवशी गेटवर गेले तर माझ्यासाठी देवाजींचीच गाडी उभी. गेटवर गाड्यांचा नंबर लागतो. त्यात कुणाचं चालत नाही. तुमराम साहेब, आमचे वनक्षेत्राचे अधिकारी, म्हणाले, "देवाजी, नवरा-बायकोचं नातं आज गेटच्या भायेर ठेवा. डायवरनं बोलायचं नाही. तोंडातून शब्द निघाला की हिची परीक्षा रद्द."

देवाजींनी मान हलवली. माझ्या मनात आलं, यांना काय अवघड आहे, सराव चालूच आहे की.

परीक्षक बाई होत्या. मिसेस फ्रान्सिस. पांढरे कापलेले केस, गळ्यात दुर्बीण, डोक्यावर मोठ्या काठाची हॅट. त्या नागपूरच्या एका कॉलेजात शिकवायच्या एवढं कुणीतरी सांगितलं होतं, पण बोलणं सगळं इंग्रजीत. हॅलो म्हणतानासुद्धा असं वाटलं की विमानातून थेट आमच्या गेटवर उतरल्यात. त्या मधल्या सीटवर बसल्या, तुमराम साहेब मागे, मी पुढं देवाजींच्या शेजारी.

सुरुवात बरी झाली. मोराचं विचारलं, ते मी सांगितलं. ऐनाच्या खोडावर मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल का, ते जमेल तसं सांगितलं. पाणवठ्याजवळ एक वानर झाडावरून खोकल्यासारखं ओरडायला लागलं.

"व्हाय इज इट कॉलिंग?" मिसेस फ्रान्सिसनी विचारलं.

मी मनात पाहुणा आणि भात दोघांना जागेवर बसवलं. "इट इज कॉलिंग बिकॉज इट सॉ अ टायगर ऑर लेपर्ड."

"गुड."

बिबट्याचं शेपूटही दिसलं नाही, पण मला वाटलं की मीच वाघ झाले. मी तिरक्या नजरेनं देवाजींकडे पाहिलं. ते समोर बघत होते. दगडावर पाणी टाकलं तरी दगडाचा रंग बदलतो. यांचा नाही.

तिथून गाडी कोरड्या नाल्याकडं वळली. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंनी बांबू आणि मध्येच मोठमोठाली वारुळं. एका वळणावर देवाजींनी गाडी हळूच थांबवली आणि इंजिन बंद केलं.

मी पुढं पाहिलं. रस्ता रिकामा. धुळीत पगमार्क नाही. झाडावर पाहिलं, काही नाही. कॉल नाही, आवाज नाही.

"व्हाय हॅव वी स्टॉप्ड?" मागून प्रश्न आला.

"वी स्टॉप्ड बिकॉज..." मी म्हटलं, आणि पुढं मला कारणच नव्हतं. बिकॉज बरोबर जागी येऊन बसलं होतं आणि त्याच्या मागं रिकामं पान. मी देवाजींकडं पाहिलं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? की यांनी मुद्दाम केलं. इतक्या दिवसांचा राग आज काढला. मला चार लोकांत येस सर करायचं ठरवलं यांनी.

"बिकॉज?" मिसेस फ्रान्सिस म्हणाल्या. आणि आपल्यालाच काही दिसतं का ते पाहावं म्हणून त्या दुर्बीण उचलून सीटवर उभ्या राहिल्या. हॅटचा काठ बांबूला लागून खर्रकन वाजला.

"मॅडम, सिट," देवाजी म्हणाले. मान न वळवता, अगदी हळू. "बिकॉज देअर इज बेअर. बेबी ऑन बॅक, सो मदर अँग्री. नो मूव्ह."

मिसेस फ्रान्सिस खाली बसल्या. तुमराम साहेबांचा श्वास मला ऐकू आला. आणि मग मला ते दिसलं. माझ्याच बाजूला, हात लांब केला तर पोचेल असं वाटावं इतक्या जवळ, वारुळामागं काळा ढीग. मी त्याला वारुळाची सावली समजले होते. अस्वलीण वारुळात तोंड खुपसून वाळवी ओढत होती, म्हणून तिला गाडीचा आवाज कळला नव्हता. पाठीवर केसांना धरून दोन पिल्लं. हॅटच्या आवाजानं तिनं तोंड बाहेर काढलं. नाकावर लाल माती.

आमच्याकडं लोक वाघाला तितके भीत नाहीत जितके अस्वलाला भितात. वाघ विचार करतो, अस्वल करत नाही. ती मागच्या पायांवर उभी राहिली, फुसकारली. पिल्लं तिच्या पाठीवरून घसरून पुन्हा चढली. आम्ही चौघं गाडीच्या पत्र्यासारखे झालो होतो. मग तिनं आम्हाला हुंगून सोडून दिलं, चारही पायांवर आली आणि बांबूत शिरली. कितीतरी वेळ बांबू मोडल्याचा आवाज येत राहिला.

अस्वल गेलं आणि मला खरी भीती वाटायला लागली. यांना इंग्रजी येतं. बिकॉज येतं, सो येतं. म्हणजे म्हैस समजली. म्हणजे त्या चुलीपाशी मी जे जे बोलले ते सगळं... माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"देवाजी," तुमराम साहेब म्हणाले, "नियम सांगितला होता. मी तरी काय करू? हिचा पेपर..."

मिसेस फ्रान्सिसनी त्यांना हातानं थांबवलं. मग मला इंग्रजीत म्हणाल्या, "गाइड, माझा प्रश्न तसाच आहे. गाडी का थांबली? आणि तुमचा ड्रायव्हर का बोलला? नीट सांगा."

मला सांगता आलं असतं की मला अस्वल दिसलं होतं, मीच त्यांना खूण केली. कुणी खोटं म्हटलं नसतं. तसा विचारही एक क्षण येऊन गेला. पण बिकॉजच्या मागं खोटं ठेवायला लागणारं इंग्रजी माझ्याकडं नव्हतं. जेवढं होतं तेवढ्यात खरंच मावत होतं.

"वी स्टॉप्ड बिकॉज माय हसबंड सॉ द बेअर," मी म्हटलं. "आय डिड नॉट सी, सो आय वॉज सायलेंट. यू स्टूड अप, सो ही स्पोक. ही ब्रोक द रूल बिकॉज..." इथं मला शब्द सापडेना. "बिकॉज बेअर डझ नॉट नो रूल."

मिसेस फ्रान्सिस पुढं वाकल्या. मग देवाजींना विचारलं, "व्हेअर डिड यू लर्न इंग्लिश?"

"वाइफ टीच," देवाजी म्हणाले. "मॉर्निंग. नियर फायर."

"डज शी नो शी इज टीचिंग यू?"

देवाजींनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "नो मॅडम."

बाई खो खो हसल्या. हॅट काढून मांडीवर ठेवली आणि अस्सल नागपुरी मराठीत म्हणाल्या, "तुमराम साहेब, आता मराठीत बोलू द्या मले. सकाळपासून साहेबीण होऊन होऊन जबडा दुखून राहिला. पेपर रद्द वगैरे काही करू नका. ते अस्वल अंगावर आलं असतं तर मार्क द्यायले मी राहिली असती का?" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पास आहेस तू. पण काठावर. बिकॉज आलं तुले, आता डोळे उघडे ठेवायचे शीक. शेजारी मास्तर बसलाच आहे."

गेटवर गाडी लावून आम्ही घराकडं निघालो. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवरून पायवाट आहे. देवाजी पुढं, मी मागं. पास झाले होते, तरी माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. पाळीच्या मध्यावर ते थांबले.

"आता तू काऊन बोलून नाई ऱ्हायली?"

"तुमाले सगळं समजत होतं?"

"पयले पयले नाई. मंग हळूहळू समजाले लागलं. तूच त एकच गोष्ट धा खेपा म्हनत होती."

"म्हसही?"

"म्हस त पयल्याच हप्त्यात समजली."

मी पदर तोंडावर घेतला. "मंग बोलले काऊन नाई तुमी? एक शब्द नाई. मी समजली तुमाले राग आला."

"बोललो असतो त तू मराठीत भांडली असती," ते म्हणाले. "मंग माया पाठ ऱ्हायला असता ना."

ते हसत होते. मला हसू येत नव्हतं, कारण एक वाक्य अजून घशात अडकलेलं होतं. मी ते काढावं की नाही या विचारात असतानाच त्यांनी काढलं.

"तो एक शब्द मातर नाई समजला. जेलस. निमगडे मॅडम गेटवर आल्या होत्या, त्याइले इचारला."

"अगा बाई," मी म्हटलं. "त्याइनं सांगतला?"

"सांगतला ना." ते बोडीच्या पाण्याकडं बघत होते. उन्हाळ्यानं पाणी पार मध्यात जाऊन बसलं होतं. "मंग मी इचार केला. का खरंच असंन का? त थोडकसं होतं. खोटं कायले बोलू. तू पाटी घेऊन निघाली का छातीत काईतरी होत होतं. मंग पाठ आयकता आयकता गेलं. कवा गेलं ते नाई समजलं."

ते पुन्हा चालायला लागले. या वेळी पुढं-मागं न चालता मी त्यांच्या बरोबरीनं चालले. पायवाट तेवढी रुंद नव्हती. मला बाभळीची फांदी लागत होती, पण मी मागं झाले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठले, चूल पेटवली. वर्ग संपला होता, परीक्षा झाली होती, म्हणायला पाठ नव्हता. मी गुपचूप भांडी काढत होते. अंगणात देवाजी येऊन बसले. बराच वेळ गेला. मग तिकडून आवाज आला, "आज मास्तरीण सुट्टीवर आहे का?"

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग चुलीत फुंकर मारून म्हटलं, "माय हसबंड इज नॉट अ बफेलो, बिकॉज..."

"बिकॉज म्हशीले चहा नाई लागत," ते मराठीतच म्हणाले. "मले लागते."

त्यानंतर ते बोलत सुटले. कुंदाच्या परीक्षेत सांबरानं कसा रस्ता अडवला, तुमराम साहेब अस्वलापाशी डोळे मिटून देवाचं नाव कसं घेत होते, साठलेलं सगळं. सासूबाई आतून ओरडल्या की झोपू द्या कोणी मले. मी आणखी वाक्य करायला जायची आणि ते मधेच बोलायचे. त्या सकाळी माझं एकही वाक्य पुरं झालं नाही, आणि चहा उतू गेला.